दुकानाने डॉक्टर मांडावा काय?

३० एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतील वॉलमार्ट या महाकाय किरकोळ विक्री कंपनीने एक निवेदन प्रसिद्धीस दिले. पाच राज्यांतील आपली सर्व, म्हणजे ५१ आरोग्य केंद्रे बंद करण्याचा आणि त्यांच्या जोडीला चालणारी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवाही गुंडाळण्याचा निर्णय तीत होता. कारणे थोडक्यात दिली होती : विम्याच्या मार्गाने मिळणारा मोबदला पुरत नाही, खर्च मात्र वाढत चालला आहे, सबब हा व्यवसाय टिकणारा नाही. याच कंपनीने २०१९ साली जॉर्जिया राज्यातील डॅलस या गावी पहिले केंद्र उघडले होते. २०२३ च्या मार्चमध्ये, म्हणजे अवघ्या वर्षभरापूर्वी, २०२४ अखेर केंद्रांची संख्या पंचाहत्तरच्या पुढे नेण्याची घोषणाही तिनेच केली होती.

साबण, टायर आणि टोमॅटो विकणाऱ्या छपराखाली वैद्यकसेवा आली आणि एका निवेदनासरशी निघूनही गेली. व्यापाऱ्याला त्यात दोष देता येत नाही. न खपणारा माल फळीवरून काढून टाकणे हाच व्यापाराचा धर्म आहे. प्रश्न असा आहे की, रुग्णाची नाडी ही त्या फळीवर ठेवण्याची वस्तू होती काय? अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता. तो प्रश्न योग्य होता. परंतु तो विचारणाऱ्यांचे हात पुरेसे स्वच्छ नव्हते, म्हणून ते हरले. या पराभवात भारतातील डॉक्टरांनी, कायदेमंडळांनी आणि त्याहूनही अधिक सामान्य कुटुंबांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

गरजेतून जन्मलेली सोय

अमेरिकेत मुलाकडे चार-सहा महिने राहून आलेल्या पुण्या-ठाण्याच्या आईवडिलांना हे दवाखाने पाहून ठाऊक आहेत. मोठ्या औषध दुकानाच्या किंवा किराणा भांडाराच्या एका कोपऱ्यात दोन छोट्या खोल्या असतात. बाहेर दरपत्रक लावलेले असते. आधी वेळ ठरवावी लागत नाही. घसा दुखणे, कान दुखणे, लघवीची जळजळ, त्वचेवरचे चट्टे, लसीकरण अशी मोजकीच कामे तेथे होतात. तपासणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते, तर नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे औषध लिहून देण्याचा अधिकार असलेली उच्चशिक्षित परिचारिका असते.

या प्रकाराची सुरुवात २००० साली मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या परिसरात झाली. कब फूड्स या किराणा दुकानांतून ‘क्विकमेडएक्स’ नावाने उघडलेले हे दवाखाने पुढे ‘मिनिटक्लिनिक’ या नावाने ओळखले जाऊ लागले. २००६ साली सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीने मिनिटक्लिनिक विकत घेतले. २००७ साली तिची प्रतिस्पर्धी असलेल्या वॉलग्रीन्सने ‘टेक केअर’ ही अशीच दुसरी संस्था घेतली. दशकभरात देशातील अशा दवाखान्यांची संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली.

ही वाढ हवेतून झाली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जगातील सर्वांत श्रीमंत म्हणवणाऱ्या त्या देशात २००६ साली साडेचार कोटींहून अधिक लोक आरोग्य विम्याविना होते. कुटुंबाचा म्हणावा असा डॉक्टर अनेकांना नव्हता. ज्यांना होता, त्यांनाही त्याची वेळ मिळण्यास दिवस लागत. सायंकाळी सहानंतर किंवा शनिवारी-रविवारी लेकराला ताप आला तर आईपुढे मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग एवढाच मार्ग उरे. तेथे तासन्‌तास बसावे लागे आणि नंतर येणारे बिल पाहून दुसरा ताप भरे. अशा आईला दुकानातील पाटीवर लिहिलेला स्वच्छ दर आणि पंधरा मिनिटांत मिळणारी तपासणी हे वरदान वाटले असेल, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आधीच्या व्यवस्थेने तिच्यासाठी दार बंद ठेवले, म्हणूनच व्यापाऱ्याला खिडकी उघडता आली.

डॉक्टरांची मोहीम

वैद्यक व्यवसायातून याला विरोध होणे अपरिहार्य होते. २००६ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मुलांच्या उपचारांसाठी दुकानी दवाखान्यांना विरोध दर्शवणारे धोरणपत्रक काढले. मुलाची वाढ, त्याच्या लसी, त्याचे आजार, घरची परिस्थिती हे सर्व ज्याच्या नजरेसमोर आहे अशा एकाच ठिकाणी त्याची काळजी घेतली जावी, तुकड्या-तुकड्यांनी नव्हे, हे त्यामागील सूत्र होते. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा दवाखान्यांसाठी तत्त्वे ठरवली. २००७ च्या जूनमध्ये शिकागो येथील वार्षिक सभेत ती आणखी पुढे गेली आणि औषध दुकानांच्या साखळ्या व त्यांच्या आवारातील दवाखाने यांच्यातील हितसंबंधांची राज्य व केंद्रीय यंत्रणांनी चौकशी करावी, अशी मागणी तिने केली.

राज्याराज्यांतून नियमनाचे प्रयत्न झाले. मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘मर्यादित सेवा दवाखाना’ असा नवा वर्ग करणारे नियम २००८ च्या जानेवारीत संमत झाले. रुग्णाची नोंद त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे पोहोचावी, ज्याला असा डॉक्टर नाही त्याला तो मिळवून देण्यास साहाय्य व्हावे, असा त्यांचा रोख होता. बॉस्टनचे तत्कालीन महापौर टॉमस मेनिनो यांनी तर नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या दुकानांतून दवाखाने चालवण्यालाच जाहीर विरोध केला. इलिनॉय राज्यात २००८ साली आलेले विधेयक अधिक कडक होते. जेथे तंबाखू व मद्य विकले जाते अशा दुकानात दवाखाना नसावा, त्याच्या जाहिरातीवर बंधने असावीत, अशा तरतुदी त्यात होत्या.

या टप्प्यावर फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे स्पर्धेवर लक्ष ठेवणारी केंद्रीय यंत्रणा, मैदानात उतरली. २००७ साली मॅसॅच्युसेट्सला आणि २००८ च्या मे महिन्यात इलिनॉयला तिच्या अधिकाऱ्यांनी लेखी अभिप्राय पाठवले. दवाखान्यांवर अशी खास बंधने घातल्यास स्पर्धा कमी होईल, खर्च वाढेल आणि रुग्णाला पर्याय उरणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. इलिनॉयचे विधेयक कायद्यात उतरले नाही. दुकानी दवाखाने वाढत राहिले.

डॉक्टर का हरले?

कोट्यवधी लोक ज्यांना देवासमान मानतात त्या व्यवसायाचे म्हणणे लोकांना आणि शासनाला का पटले नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. पहिले कारण असे की, त्यांनी आपली शक्ती चुकीच्या मुद्द्यावर खर्च केली. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने तपासले तर उपचारांचा दर्जा घसरेल, हा त्यांचा मुख्य सूर होता. पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. २००९ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कान, घसा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावरील उपचारांची तुलना करण्यात आली. दुकानी दवाखान्यांचा दर्जा डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या तोडीचा आणि खर्च मात्र बराच कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे २०१८ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्या श्वसनविकारांत प्रतिजैविके देण्याचे कारण नसते त्या विकारांत ती लिहून देण्याचे प्रमाण तपासले गेले. तातडीच्या उपचार केंद्रांत ते सुमारे ४६ टक्के, डॉक्टरांच्या दवाखान्यांत सुमारे १७ टक्के आणि दुकानी दवाखान्यांत सुमारे १४ टक्के आढळले. ज्या परिचारिकांकडे बोट दाखवले गेले, त्यांनी मोजक्या आजारांच्या ठरीव चौकटीत आपले काम चोख केले होते.

दुसरे कारण अधिक कटू आहे. डॉक्टरांच्या संघटनेच्या इतिहासाने तिची साक्ष दुबळी केली होती. १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच अमेरिकन मेडिकल असोसिएशनला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली झालेली शिक्षा कायम केली होती. वॉशिंग्टनमधील सरकारी कर्मचाऱ्यांनी सहकारी तत्त्वावर, ठरावीक मासिक वर्गणी भरून स्वतःसाठी वैद्यकसेवा उभी केली, तेव्हा तिच्यात काम करणाऱ्या डॉक्टरांची कोंडी करण्याचा तो अपराध होता. सामान्यांनी एकत्र येऊन आपल्यापुरती केलेली सोय ज्या संघटनेला सहन झाली नाही, तिने पुढे रुग्णहिताचा पुकारा केला की ऐकणाऱ्याला तिच्या खिशाचा आवाज ऐकू येणार, यात नवल ते काय!

तिसरे कारण आरशाचे आहे. चिठ्ठी लिहिणारा आणि माल विकणारा एकच असू नये, हे तत्त्व डॉक्टरांनी दुकानदाराला ऐकवले. पण स्वतःच्या घरात ते कितपत पाळले होते? तपासणीच्या प्रयोगशाळांत डॉक्टरांचीच भागीदारी आणि त्याच प्रयोगशाळांकडे रुग्णांची रवानगी, हा प्रकार इतका वाढला की तो रोखण्यासाठी १९८९ साली अमेरिकेला कायदा करावा लागला. ‘स्टार्क कायदा’ म्हणून ओळखला जाणारा तो निर्बंध १९९३ साली इतर सेवांनाही लावण्यात आला. ज्याला कायद्याने हात धरून थांबवावे लागले, त्याने दुसऱ्याला उपदेश करावा हे लोकांना रुचले नाही.

सायंकाळी दवाखाना उघडा ठेवणे, दर पाटीवर लिहिणे, तापाच्या मुलाला त्याच दिवशी पाहणे, ही या मोहिमेची खरी शस्त्रे ठरली असती. अनेकांनी त्याऐवजी विधिमंडळाचा दरवाजा ठोठावला.

तरीही प्रश्न खराच होता

वादी दुबळा असला म्हणून दावा खोटा ठरत नाही. शिकागोच्या सभेने बोट ठेवले ते मर्म खरे होते. २००६-०७ नंतर या दवाखान्यांचे मालक औषध विकणारेच झाले. चिठ्ठी एका खोलीत लिहिली जाते, तिच्यातील औषध दहा पावलांवर मिळते आणि ते घेण्यास जाताना ग्राहक आणखी चार वस्तू टोपलीत टाकतो. त्या खोलीतील परिचारिका कितीही प्रामाणिक असो, ती खोली तेथे का आहे, हे मालकाला पक्के ठाऊक असते. व्यक्तीचा प्रामाणिकपणा हा रचनेतील दोषावरचा उपाय नव्हे.

तंबाखूचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. सिगारेट विकणाऱ्या छपराखाली दवाखाना नको, ही इलिनॉयच्या विधेयकातील तरतूद २००८ साली स्पर्धेच्या आड येणारी ठरवली गेली. सहा वर्षांनी, २०१४ साली, सीव्हीएसने स्वतः होऊन आपल्या सर्व दुकानांतील तंबाखूची विक्री थांबवली. आरोग्यसेवा देणाऱ्या कंपनीने सिगारेट विकणे तिच्या उद्दिष्टाशी विसंगत आहे, असे तिनेच सांगितले. वर्षाकाठी सुमारे दोनशे कोटी डॉलरच्या विक्रीवर तिने पाणी सोडले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण मग असेही विचारले पाहिजे की, जी विसंगती २०१४ साली कंपनीला दिसली, ती २००८ साली बोलून दाखवणारे आमदार स्पर्धेचे शत्रू कसे ठरले? तोवरची सहा वर्षे खोकल्यावरची चिठ्ठी आणि खोकल्याचे कारण एकाच छपराखाली विकले गेले, ते कोणाच्या हितासाठी?

स्वस्ताईचा दावाही नीट तपासून पाहावा लागतो. एक भेट स्वस्त पडते हे खरे. परंतु २०१६ साली ‘हेल्थ अफेअर्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने वेगळीच बाजू दाखवली. किरकोळ आजारांसाठी दुकानी दवाखान्यात झालेल्या भेटींपैकी ५८ टक्के भेटी नव्याने निर्माण झालेल्या होत्या. म्हणजे दुकान नसते तर ते लोक बहुधा कोठेच गेले नसते. परिणामी एकूण खर्च घटण्याऐवजी किंचित वाढलाच. गरिबांची सोय हा तर या दवाखान्यांचा सर्वांत गाजलेला दावा. २००९ साली त्यांच्या ठिकाणांचा अभ्यास झाला, तेव्हा ते प्रामुख्याने तुलनेने सुखवस्तू वस्त्यांत असल्याचे दिसून आले. व्यापारी गिऱ्हाईक असेल तेथे दुकान टाकतो. रोग असेल तेथे नव्हे.

आणि मग साखळीच्या कड्या एकमेकींत अडकत गेल्या. औषधांच्या विमा-दाव्यांचे व्यवस्थापन करणारी केअरमार्क कंपनी २००७ साली सीव्हीएसमध्ये विलीन झाली. २०१८ साली एटना ही आरोग्य विमा कंपनी सुमारे ६९०० कोटी डॉलरना तिच्याच हाती आली. विमा कोणता, त्यात कोणते औषध बसते, ते कोण लिहिते आणि कोण विकते, या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच कंपनीच्या दप्तरात असण्याची सोय झाली. फेडरल ट्रेड कमिशनने ज्या स्पर्धेसाठी डॉक्टरांची बंधने नाकारली, ती स्पर्धा शेवटी या ठिकाणी येऊन पोहोचली!

अखेरचा अंक ताजा आहे. वॉलग्रीन्सने २०२१ साली व्हिलेजएमडी या दवाखान्यांच्या साखळीत ५२० कोटी डॉलर घातले आणि २०२४ साली तिची सुमारे १६० केंद्रे बंद करण्याचा मार्ग धरला. सीव्हीएसनेही त्याच वर्षी लॉस एंजेलिस परिसरातील व न्यू इंग्लंडमधील डझनावारी दवाखान्यांना टाळे लावले. वॉलमार्टची कथा प्रारंभी आलीच आहे. ज्या रुग्णाने जुना डॉक्टर सोडून या केंद्रावर विश्वास टाकला, त्या मधुमेह्याने आता कोणाकडे जावे? गावातील जुना डॉक्टर दरम्यान निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या जागी नवा आलेला नसतो. दुकान बंद झाले म्हणजे फळी रिकामी होते. दवाखाना बंद झाला म्हणजे माणूस उघड्यावर पडतो.

हे संकट परके नाही

भारतात दुकानी दवाखान्यांचे हे रूप अद्याप रुजलेले नाही, असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही. औषधविक्रीचे एकत्रीकरण वेगाने झाले आहे. २०२० साली रिलायन्सने नेटमेड्समध्ये, २०२१ साली टाटा डिजिटलने वन-एमजीमध्ये आणि त्याच वर्षी फ्लिपकार्टने सस्तासुंदरमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. त्यांपैकी फ्लिपकार्टवर २०१८ पासून वॉलमार्टचे नियंत्रण आहे. औषध, तपासणी आणि डॉक्टरचा सल्ला एकाच पडद्यावर मिळणे आता नवलाचे राहिलेले नाही. यात एखाद्या कंपनीने काही गैर केले, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु गैर करण्याची संधी ज्या रचनेत असते, तिच्यावर गैर घडण्यापूर्वीच नियम असावा लागतो.

तो नियम कोठे आहे? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरला दलाली घेण्यास मनाई केली आहे. इतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषधे विकण्याचे खुले दुकान त्याने चालवू नये, असेही तिने बजावले आहे. थोडक्यात, डॉक्टरने दुकान मांडू नये. पण दुकानाने डॉक्टर मांडू नये, असे कोण म्हणते? ती संहिता नोंदणीकृत डॉक्टरला बांधते. त्याला पगारावर ठेवणारी कंपनी त्या नोंदवहीत नसतेच. महाराष्ट्रातील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा मुळात रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. केवळ बाह्यरुग्ण तपासणारा, एकही खाट नसलेला दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. केंद्राने २०१० साली केलेला वैद्यकीय आस्थापनांचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. उद्या एखाद्या मॉलच्या तळमजल्यावर दरपत्रक लावून शंभर दवाखाने उघडले, तर त्यांना आस्थापना म्हणून जाब विचारणारी खिडकी या राज्यात कोणती?

डॉक्टरांच्या संघटना अशा वेळी आवाज उठवतील, यात शंका नाही. तो त्यांनी उठवावाही. मात्र अमेरिकेतील आपल्या व्यवसायबंधूंची चूक त्यांनी करू नये. २०१७ साली महाराष्ट्रात ‘कट प्रॅक्टिस’ला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार झाला, मोठी चर्चा झाली, पुढे तो मागे पडला. जो व्यवसाय आपल्या घरातील टक्केवारीवर मौन पाळतो, त्याने दारातील दुकानदाराला नीतीचे पाठ दिले तर समाज ते मनावर घेणार नाही. रुग्णालयाच्या तळघरातील औषधाच्या दुकानातूनच औषधे घेण्याचा आग्रह आणि मॉलमधील दवाखान्याने शेजारच्या फळीकडे दाखवलेले बोट, यांत तत्त्वतः फरक नाही. नियम दोघांना सारखाच लागला पाहिजे.

नियमन कशाचे?

म्हणून मागणी ‘दुकानी दवाखाने बंद करा’ अशी भाबडी असू नये. परिचारिकांना तुच्छ लेखणारी तर मुळीच असू नये. मागणी नेमकी हवी. तपासणाऱ्याचे वेतन विकल्या गेलेल्या औषधांशी किंवा केलेल्या तपासण्यांशी कोणत्याही प्रकारे जोडलेले नसावे. औषध कोठूनही घेण्याची मोकळीक चिठ्ठीवर मराठीत ठळक छापलेली असावी. रुग्णाची नोंद ही रुग्णाची मालमत्ता मानली जावी. तिची प्रत त्याच दिवशी त्याच्या हाती पडावी आणि मालकाने ती जाहिरातीसाठी वापरणे हा गुन्हा ठरावा. प्रत्येक बाह्यरुग्ण दवाखान्याची, मग तो गल्लीतला असो वा मॉलमधला, नोंदणी व्हावी आणि तपासणाऱ्याचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक दारावर असावा. दवाखाना बंद करावयाचा असेल तर पुरेशी आगाऊ सूचना देणे आणि जुन्या रुग्णांची सोय लावणे बंधनकारक असावे. यांपैकी एकही अट प्रामाणिक दवाखान्याला जड जाणारी नाही. ज्याला ती जड जाईल, त्याचा हेतू आपोआप उघड होईल.

हा विचार कोठून उसना आणण्याची गरज नाही. तेराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषधविक्रेता यांची कायद्याने फारकत केली, हे युरोप अभिमानाने सांगतो. चरकसंहितेने त्याच्या कितीतरी आधी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाला तेथे मानाचे स्थान आहे. व्यापाऱ्याला पाचवा पाद म्हणून जागा नाही. चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्यांची त्याच ग्रंथाने निंदा केली आहे. वैद्याने उपाशी राहावे असा त्याचा अर्थ नाही. वैद्याच्या बुद्धीवर रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाची मालकी असू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

शेवटी कायद्याहून मोठी शक्ती समाजाच्या सवयीत असते. तीन पिढ्यांची प्रकृती ठाऊक असलेला गल्लीतला डॉक्टर एकेकाळी मराठी मध्यमवर्गाच्या घरचाच माणूस होता. तपासणीच्या टेबलावर बसलेल्या मुलाला तो वडिलांच्या दम्याची आठवण ठेवून औषध देई. तो आज दुर्मीळ झाला, याचे कारण केवळ बाजार नव्हे. घशाच्या साध्या दुखण्यासाठी थेट तज्ज्ञाकडे धावणाऱ्या आणि घरच्या डॉक्टरचे शुल्क देताना मात्र हात आखडणाऱ्या कुटुंबांनीही त्याला घालवले आहे. वस्तीवस्तीत सेवाभावाने दवाखाने चालवणारे कार्यकर्ते आणि महिन्याच्या हिशेबात डॉक्टरला सन्मानाने जागा देणारी कुटुंबे यांनी मनावर घेतले, तर तो परत येऊ शकतो. त्याने सायंकाळी दार उघडे ठेवावे, दर पाटीवर लिहावा आणि टक्केवारीला दाराबाहेर ठेवावे. मग दुकानाला दवाखाना मांडण्याची संधीच उरणार नाही.

वॉलमार्टच्या ५१ केंद्रांच्या दारावरील पाट्या उतरल्या आहेत. त्या पाट्या वाचण्याची संधी भारताला स्वतः किंमत न मोजता मिळाली आहे. ती दवडून उद्या तीच किंमत येथील मधुमेह्याकडून वसूल होऊ द्यायची काय, याचा निर्णय दुकानदार घेणार नाही. तो समाजालाच घ्यावा लागेल.